डब्यात उरलेली चिठ्ठी

नववीच्या वर्गाला गुलामांच्या व्यापाराचा तास मी गेली बावीस वर्षं घेते आहे, आणि बावीस वर्षं पोरं एकच उत्तर देतात: कॅप्टन. सगळा दोष जहाजाच्या कॅप्टनचा. बाकीचे सगळे धुतल्या तांदळासारखे. हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि पोरांनाही ते माहीत असतं, म्हणून काही जण मुद्दाम देतात.

पाटसजवळची आमची शाळा. धड्यात एवढं सगळं नाही, पण मुख्याध्यापकांनी माझ्या जिभेच्या धास्तीने मला कधी अडवलं नाही. पहिले दोन दिवस मी नकाशा लावून सांगते. युरोपातून जहाज निघायचं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कापड, बंदुका, दारू देऊन माणसं घ्यायचं, ती साखळदंडात बांधून अटलांटिकच्या पलीकडे उसाच्या मळ्यांवर विकायचं आणि साखर भरून घरी परतायचं. सव्वा कोटीच्या आसपास माणसं अशी जहाजांवर चढवली गेली. त्यातली कित्येक लाख वाटेतच मेली. उसाचं नाव निघालं की आमची पोरं मान वर करतात, कारण वर्गाच्या खिडकीतून ऊसच दिसतो.

तिसऱ्या दिवशी मी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढते. त्यात चिठ्ठ्या असतात. जी चिठ्ठी निघेल तो माणूस व्हायचं आणि उभं राहून सांगायचं, या सगळ्यात माझा वाटा कोणता. 'माझा काही दोष नाही' हे वाक्य बंद. नेलेल्या माणसांची चिठ्ठी मी डब्यात टाकत नाही. त्यांचं दुःख चाळीस मिनिटांच्या नाटकाला वापरायचं नसतं, एवढं मला कळतं.

या जानेवारीतला तास माझा शेवटचा होता. मे महिन्यात मी निवृत्त होणार. त्या शनिवारी सायली उठली आणि म्हणाली, "बाई, मी इंग्लंडमधली एक बाई हाय. मी फक्त चहा पिले."

"गोड?"

"गोडच की. बिनसाखरेचा कोण पितं?"

वर्ग हसला. विश्वजीतच्या हाती बेकरीवाला आला. या बेकरीवाल्याने जहाजात एक भाग घेतलेला, समुद्र मात्र कधी पाहिला नाही. विश्वजीतचे आजोबा साखर कारखान्याचे सभासद, त्यामुळे भाग म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. "बाई, सभासदाला काय म्हाईत आत काय चाललंय?" तो म्हणाला. "आमचे आप्पा दिवाळीची साखर आणायला जात्यात, तेवढंच."

"आणि सभेत काही विचारतात का?"

त्याने डोकं खाजवलं. "सभेत जेवण चांगलं असतंय, बाई."

मोनिका त्या दिवशी आली नव्हती, म्हणून शेवटी डब्यात एक चिठ्ठी उरली. मी डबा बंद करत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची भाग्यश्री म्हणाली, "बाई, उरलेली तुमची." भाग्यश्री वर्षात चारदा बोलते. बोलली की मात्र पंचाईत करते. मी म्हटलं, शिक्षक चिठ्ठ्या काढत नसतात. ती म्हणाली, "का?" मग अख्खा वर्गच का, का करायला लागला, आणि मी काढली.

अक्षर माझंच. 'आजोबांच्या जहाजाच्या नफ्यातून बांधलेल्या शाळेत शिकलेली मुलगी. व्यापार बंद होऊन पन्नास वर्षं झाली.' कधीतरी हुशारी करायची म्हणून मीच ही लिहिली होती. आजवर ज्याच्या ज्याच्या हाती ती आली त्याने 'मी तर जन्मले पण नव्हते' म्हणून विषय संपवला होता, आणि मी त्यांना रागावले होते. आता मी फळ्याला पाठ लावून उभी राहिले आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. घंटा झाली.

"सोमवारी सांगते," मी म्हटलं.

"बाईंना अवघड गेली," कुणीतरी जाता जाता म्हणालं. खरंच होतं ते.

माझं पाळण्यातलं नाव पारू. प्रतिभा हे नाव केडगावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलं. त्याच्या आधी माझं घर म्हणजे आमचा वाडा. हा वाडा दगडविटांचा नव्हे. आठ-दहा घरं आपापली मेंढरं घेऊन एकत्र फिरतात, त्या तांड्याला आम्ही धनगर वाडा म्हणतो. दसरा झाला की शिरूरकडचा कोरडा माळ मागे टाकून आम्ही भीमेच्या काठाने दौंडच्या बागायतीत उतरायचो. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, आणि चालता न येणारी कोकरं आमच्या कडेवर. माझी आई अनसाबाई चालता चालता शंभूला, माझ्या धाकट्या भावाला, पाजायची आणि त्याच वेळी पुढच्या मुक्कामाला चूल कुठे मांडायची यावर जावेशी भांडायची.

संध्याकाळी चरून आलेल्या मेंढ्या आणि दिवसभर मागे ठेवलेली कोकरं एकमेकांना हाका मारायची. तीन-चारशे जनावरं एकाच वेळी ओरडायची आणि तरी प्रत्येक कोकराला आपली आई सापडायची. तो गोंगाट मला अजून हवासा वाटतो. शाळा सुटतानाचा गोंगाट त्याच्या जरा जवळ जातो, म्हणून घंटेनंतर मी पोरांना कधी गप्प करत नाही. जाड्याभरड्या घोंगडीचा वास, राखेत भाजलेला हरभऱ्याचा हुळा, आणि शेजारी सरू. मी नऊ वर्षांची, ती दहाची. माझ्या चुलत्यांची मुलगी. आम्ही एकाच घोंगडीत झोपायचो आणि ती माझ्या वाटणीची घोंगडी ओढून घ्यायची.

त्या वर्षी वाड्याने ठरवलं होतं की एक पोरगी शिकवायची. केडगावला माझी आत्या राहायची. तिच्याकडे पोरीला ठेवायचं आणि सगळ्या घरांनी मिळून तिच्या पोटाची ज्वारी पोचवायची. पोरगी ठरली ती सरू. ठरणारच होती. खताच्या पोत्यांवरची अक्षरं बघून आणि वाटेतल्या पोरांना विचारून तिला आधीच चार-पाच अक्षरं येत होती. ती मला काटकीने मातीत काढून शिकवायची. तिचा आवडता र. सरूतला र.

मला जायचं होतं. हे एवढं वाक्य लिहायला मला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

यवतच्या पुढे मारुतराव म्हणून एका बागायतदाराच्या रानाशेजारी आमचा मुक्काम होता. दुपारी मेंढरं राखायची पाळी सरूची. ती म्हणाली, "पारे, मी पाणी घिऊन येते. मेंढरांवर ध्यान ठेव." मी हो म्हटलं. मग मी मातीत र काढत बसले, एक बरा येईना म्हणून दुसरा, दुसऱ्याच्या खाली तिसरा. मान वर केली तेव्हा मेंढरं मारुतरावांच्या हरभऱ्यात होती आणि अर्धं वावर बोडकं झालं होतं.

मारुतराव आले. सगळा वाडा जमला. माझे वडील ज्ञानू, ज्यांना सगळा वाडा आबा म्हणायचा, त्यांनी विचारलं, "राखायला कोण व्हतं?"

मी म्हटलं, "सरूची पाळी व्हती."

इथपर्यंत खरं होतं. सरू म्हणाली, "मी पारूला सांगून गेले व्हते." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, "मला न्हाई सांगितलं."

कुणी कुणाला मारलं नाही. त्या काळी शेतकरी आमची मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे, म्हणजे रात्री मुक्कामाला ठेवायचे, कारण लेंडीखताने जमीन सुधारते. त्याबदली ते धान्य द्यायचे. आबांनी वाड्यातली सगळी मेंढरं सात दिवस मारुतरावांच्या त्या वावरात बसवायची ठरवली, धान्याचा दाणाही न घेता. एक जण कुरकुरला, माझी मेंढरं तर वढ्याला व्हती, मी का बसवू? आबा चिडले नाहीत. ते म्हणाले, "खाल्लेलं मेंढराच्या पोटातच ऱ्हातं व्हय? दुधात येतं, लोकरीत येतं. तुझ्या खांद्यावरची घोंगडी कुणाच्या हरभऱ्याची हाय, सांग बघू. आन् नुसती माफी मागून वावर हिरवं व्हत न्हाई."

बावीस वर्षं मी वर्गात जे शिकवते ते हेच. फक्त मी ते आपलं म्हणून शिकवते.

वावराचं आबांनी भरून दिलं. सरूचं कुणी दिलं नाही. जिचं मेंढरांवर ध्यान नाही तिचं पाटीवर काय राहणार, असं म्हणून वाड्याने निर्णय बदलला आणि जूनमध्ये केडगावला मी गेले. निघताना सरूने मला आपला शिसपेन्सिलीचा तुकडा दिला. मी तो घेतला.

पुढे माझं सगळंच झालं. कॉलेज, बी.एड., नोकरी, पाटसला घर. सरूचं सोळाव्या वर्षी लग्न झालं, न्हावऱ्याजवळ. लग्नाकार्यात भेटलो की ती चारचौघींना अभिमानाने सांगायची, "आमची पारू मोठी बाई हाय शाळंत." मी हसायचे आणि जेवणाच्या पंगतीकडे वळायचे.

रविवारी सकाळी सरूकडे जायला मी एसटीने चौफुल्याला गेले आणि तिथे शिरूरची गाडी धरली. गाडी केडगावातून जाते. माझी शाळा होती तिथे आता दुसरीच इमारत आहे, पण वळणावरची चिंच आहे. तिच्याखाली बसून मी पहिल्यांदा अख्खं पान वाचलं होतं आणि आता हे सरूला कधी सांगते असं झालं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला आपण काय केलंय ते कळतं आणि कळतही नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला ती सवलत नाही.

सरू अंगणात एका आईवेगळ्या कोकराला बाटलीने दूध पाजत होती. नवरा जाऊन तिला सहा वर्षं झाली. मला बघून ती एवढी खूश झाली की मला परत फिरावंसं वाटलं. चहा झाला. तिचा मुलगा कांद्याला पाणी धरायला गेलेला. मी म्हटलं, सरू, मला तुला मारुतरावांच्या हरभऱ्याचं सांगायचंय. आणि सांगितलं. तू मला सांगून गेली होतीस, मी हो म्हटलं होतं, आणि मग मी खोटं बोलले.

कोकराने बाटली रिकामी केली तरी ते ओढतच राहिलं.

"मला वाटायचं मीच इसरले," ती म्हणाली. "आधी मला पक्कं ठावं व्हतं, तुला सांगून गेले म्हणून. पर सगळी म्हणायला लागली, ही ध्यानाची न्हाई. मग मलाबी वाटाया लागलं, सांगितलं नसंल. दूध उतू गेलं, नवरा म्हणायचा, तुझं ध्यान न्हाई. पोरगं पडलं, तुझं ध्यान न्हाई. मीबी म्हणायची, व्हय बाबा, माझं ध्यानच न्हाई, लहानपणापासनं." तिने बाटली बाजूला ठेवली. "शाळंचं जाऊ दे, पारे. तू माझं ध्यान नेलंस."

मी रडले. तिने मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मी म्हटलं, "मला माफ कर."

"आबानं मारुतरावाला काय दिलं?" तिने विचारलं. "माफी?"

"नाही. सात दिवस मेंढरं बसवली."

"मग तू किती दिवस देतीस?"

तिला काय हवंय ते मी विचारलं. तिला विचार करावा लागला नाही. "येष्टीची पाटी वाचाया शिकीव. दर टायमाला कुणाला तरी इचारावं लागतं. मागं एकदा एकानं गंमत म्हणून मला नगरच्या गाडीत बसवलं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आन् आधी माझ्या ल्योकाला सांग. मग शंभूला सांग. जेवढ्यांनी ऐकलं तेवढ्यांना सांग."

दुपारी तिचा मुलगा आला, हात धुऊन समोर बसला आणि मी त्याला सगळं सांगितलं. चाळिशीचा माणूस. तो माझ्याकडे बघतच नव्हता, आईकडे बघत होता. "म्हंजी आई," तो म्हणाला, "आमीबी तुला तेच म्हणत आलो." आणि उठून बाहेर गेला. शंभूला मी तिथूनच फोन केला. तो आधी हसला, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलीस म्हणाला. मग म्हणाला, सरूला फोन दे.

मी वर्गाचं आणि चिठ्ठीचंही सरूला बोलून गेले होते. ती पिशवीत लुगडं भरत म्हणाली, "तुझ्या पोरांना कवा सांगणार? उद्या? मग मी मागं बसते."

सोमवारी सरू भाग्यश्रीच्या शेजारी, शेवटच्या बाकावर बसली. पोरांनी तिला सरकून जागा दिली. आत येताना तिने चप्पल वर्गाबाहेर काढली होती. मी डब्यातली चिठ्ठी काढून वाचली आणि म्हटलं, ही माझी चिठ्ठी आहे. मग सांगितलं. आधी हेही सांगितलं की हरभऱ्याच्या वावराची आणि त्या समुद्राची बरोबरी मी करत नाही, कुणी करू नये, आणि परीक्षेत असं कुणी लिहिलं तर मी मार्क कापीन. मला फक्त चिठ्ठीतल्या मुलीचं उत्तर द्यायचं होतं आणि मला दुसऱ्या कुणाचं आयुष्य माहीत नव्हतं.

विश्वजीत म्हणाला, "बाई, पण तुम्ही लहान होता."

"होते. तेव्हा माझा दोष किती, ते तुम्ही ठरवा. पण मी शिकले, पगार घेतला, घर बांधलं, ते सगळं त्या खोट्यावर उभं राहून. आणि हे कळायचं वय होऊन चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून मी रोज गप्प बसत होते. ते काही लहानपणी केलं नाही."

"मग आता त्या साखरवाल्या लोकांच्या नातवंडांनी काय करायचं?" सायलीने विचारलं.

मी म्हटलं, "आधी सगळ्यांसमोर खरं सांगायचं. मग ज्यांचं नेलं त्यांच्या पोराबाळांना विचारायचं, काय देऊ. आपल्या मनाने ठरवायचं नाही."

तेवढ्यात मागून सरूचा आवाज आला. "पारे, त्या डब्यात माझी चिठ्ठी कंची?"

"तुझी नाही," मी म्हटलं. "तुला त्यात कधी घातलंच नव्हतं. तू नुसतं बोल. आम्ही ऐकतो."

ती उभी राहिली, पदर सारखा केला, चाळीस तोंडांकडे पाहिलं. "मला काय बोलायचं न्हाई, बाळांनो," ती म्हणाली. "फकस्त एवढंच, की मी सांगून गेले व्हते." आणि खाली बसली. भाग्यश्रीने आपली वही तिच्या पुढे सरकवली आणि हातात पेन्सिल दिली. तास संपेपर्यंत दोघी त्या वहीत डोकं घालून होत्या. मी त्यांना हटकलं नाही.

संध्याकाळी मी तिला चौफुल्याला सोडायला गेले. हायवेला गाड्यांची रांग लागली होती, उसाचे ट्रॅक्टर मध्ये घुसून सगळ्यांच्या शिव्या खात होते. एक एसटी आली. सवयीने सरू शेजारच्या माणसाकडे वळली. मी तिचा दंड धरला. "पाटी बघ."

ती पुढे झाली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली. मी त्याच्यावर अशी ओरडले की तो गप्पच झाला.

"शेवटचा र हाय," सरू म्हणाली. "ह्यो माझा. मधला बी रच हाय, त्याला कायतरी अडकीवलंय."

"त्याचा रू होतो. सरूतला."

"आन् पयला?"

"शि."

तिने तिन्ही अक्षरं तोंडातल्या तोंडात जोडून पाहिली. मग मोठ्याने म्हणाली, "शिरूर," आणि कुणालाही न विचारता गाडीत चढली. खिडकीजवळ बसल्यावर तिने काच सरकवली.

"एक दिस झाला, पारे," ती म्हणाली. "सहा ऱ्हायले असं धरू नगंस."